‘पास’ म्हणजे काय हो, बाई?

मैत्रिणींनो, शाळेतल्या पालकसभेला आलेल्या आयांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, “बाई, आम्हाला कुठलं इंग्रजी येतं जी! तुम्हीच पाहून घ्या.” आणि हेच म्हणणारी आई पुढच्या दोन मिनिटांत काय बोलते ऐका. “पोरगी पास होईल ना? तिचा एस.टी.चा पास अजून निघाला नाही. मामंजींचा मुतखडा पास व्हायचा आहे, ते घरी कण्हत पडलेत. अन् मला बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं आहे, निघू का?”

मोजलंत? एक इंग्रजी शब्द, चार जागा, चार निराळे अर्थ, आणि बाई एकदाही अडखळली नाही. मग हिला इंग्रजी येत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

इंग्रजीचे जाडजूड शब्दकोश उघडून बघा. सगळ्यात जास्त पाने खातात ते अवघड शब्द नव्हेत. गेट, सेट, रन, टेक, पुट असली एवढी-एवढीशी क्रियापदेच कोशात पसरून बसलेली असतात. आपल्या मराठीत ‘लागणे’ नाही का? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, पोराला शिस्त लागते आणि पहाटे डोळाही लागतो. तसलीच ही इंग्रजीतली मंडळी. ‘पास’ त्यातला सर्वात मोठा नसेल, पण आपल्या घरात सर्वात जास्त राबणारा आहे, म्हणून आज तोच धरला.

याचं मूळ लॅटिन भाषेत. तिथे ‘पासुस’ म्हणजे पाऊल. फ्रेंचांनी त्यावरून जाणे, ओलांडणे अशा अर्थाचं क्रियापद केलं आणि तिथून ते इंग्रजीत आलं. म्हणजे पास म्हणजे पाऊल टाकून कशाच्या तरी पलीकडे जाणे. एवढी एक गोष्ट मनात पक्की ठेवा, पुढचे सगळे अर्थ त्या वाटेने आपोआप येतात. मीठ शेजारणीकडे सरकवलं, तर ते मीठ ‘पास’ झालं. हळदीकुंकवाला गाणं लावून उशी फिरवतो तो खेळ ‘पासिंग द पार्सल’. बदाम-सात खेळताना हातात लागू पान नसलं की ‘पास’, म्हणजे माझी पाळी माझ्यावरून पुढे जाऊ दे. डोंगरातून पलीकडे नेणारी खिंड, तीही पासच. भूगोलात आपण जिला खैबरखिंड म्हणून पाठ केलं ती इंग्रजीत ‘खैबर पास’.

एक धोका मात्र आहे, आणि तो आमच्या भागातल्या मुलांना फार. चंद्रपूर-गडचिरोलीच्या एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला तेलंगण. बोलण्यात हिंदीची सरमिसळ रोजचीच, त्यामुळे पोरं सर्रास “माझ्या पास पेन नाही” म्हणतात. हा ‘पास’ वेगळा. तो संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे कूस, बाजू यावरून आलेला, आपल्या ‘पाशी’चा भाऊ. त्याचा अर्थ जवळ, आणि इंग्रजी पासचा अर्थ ओलांडून पुढे. दिसायला जुळे, स्वभावाने उलटे! त्यामुळे ‘माझं घर शाळेजवळ आहे’ याचं इंग्रजी करताना पोरगं बिनदिक्कत ‘पास’ घालतं आणि लाल रेघ ओढून घेतं. गडचिरोलीच्या आतल्या भागात तर मूल घरी गोंडी किंवा माडिया बोलतं, मराठी शाळेत शिकतं, हिंदी बाजारात ऐकतं आणि चौथी भाषा म्हणून इंग्रजीला सामोरं जातं. त्याला हा गोंधळ झाला तर रागावू नये, समजावून सांगावं.

आता परीक्षेचा पास. आपण शुद्ध मराठीत ‘उत्तीर्ण’ म्हणतो. त्यात ‘तॄ’ हा धातू आहे, तरून जाण्याचा. उत्तीर्ण म्हणजे पाण्यातून पार होऊन वर आलेला. इंग्रजांनी पाऊल टाकून ओलांडलं, आपण पोहून पार केलं. कल्पना एकच! आणि बघा, पस्तीस मार्क कसेबसे मिळाले की आपण काय म्हणतो? ‘काठावर पास’. शब्द इंग्रजी, पण नदी आपलीच. ‘नापास’ची गंमत तर आणखी न्यारी. ‘ना’ हा फारसीकडून आलेला, नाराज, नापसंत, नालायक यातला. तो जाऊन बसला इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर. असा शब्द लंडनच्या माणसाला कळायचा नाही. त्यापुढचा ‘ढकलपास’ हा तर आपल्या मास्तरांच्या पिढ्यांचा शोध, त्याला कुठल्याही भाषेत तोड नाही.

या ढकलपासवर मात्र दोन शब्द बोलायला हवेत. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं. पुढे २०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. अनेक आयांना वाटतं, झालं ते बरं झालं, पोरं बसून अभ्यास तरी करतील. मला अर्धंच पटतं. नापासाचा शिक्का बसला की मुलगा एक वर्ष मागे राहतो, पण खेड्यातली मुलगी पुष्कळदा शाळेतूनच जाते. “आता पुरे झालं, स्वयंपाकपाणी शिक” हे वाक्य तिच्यासाठी तयारच असतं. तेव्हा मार्क पाहून घरात ओरडाआरडा करण्याआधी, जुलैमध्ये पुन्हा परीक्षा असते का, कोणत्या विषयाची, हे शाळेत जाऊन नीट विचारून या.

नदी आलीच आहे तर सांगते. चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधून वैनगंगा वाहते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तोवर दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. तिकडे दक्षिणेला भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती अशा तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद, कधीकधी दिवसचे दिवस. तिथल्या मुलांसाठी ‘पास होणे’ हा आधी पाण्याचा प्रश्न असतो, मग पेपरचा.

वर्गात मुलींना ज्याचा सर्वात जास्त घोळ होतो ते आता सांगते, म्हणजे घरी अभ्यास घेताना उपयोगी पडेल. ‘पास्ड’ आणि ‘पास्ट’. उच्चार जवळजवळ एकच, स्पेलिंग दोन. पी-ए-डबल एस-ई-डी हे क्रियापदाचं भूतकाळी रूप: ‘द बस पास्ड अवर हाउस’, बस आमच्या घरावरून गेली. पी-ए-एस-टी हे क्रियापद नव्हे: ‘द बस वेन्ट पास्ट अवर हाउस’. इथे जाण्याचं काम ‘वेन्ट’ने केलं आणि पास्टने फक्त ‘पलीकडे’ एवढं सांगितलं. वाक्यात दुसरं क्रियापद हजर असेल तर टी, नसेल तर ई-डी, एवढी खूण पुरते. ‘हाफ पास्ट एट’, साडेआठ, यातला पास्टही हाच. आठ ओलांडून अर्धा तास पुढे. पाऊल इथेही आहे!

मात्र ‘पॅसिव्ह’ हा शब्द याच घरातला आहे असं समजू नका. तो सोसणे अशा अर्थाच्या निराळ्या लॅटिन शब्दावरून आला. पेशंट आणि पेशन्स हे त्याचे सख्खे. म्हणून कर्मणी प्रयोगात कर्त्याचं काही चालत नाही, सगळं त्याच्यावर होत असतं. (हे शिकवताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे नवीन सुनेसारखं.” वर्ग हसला, मीही हसले.)

या क्रियापदाला लहान-लहान शेपट्या जोडल्या की अर्थ फिरतो, तिथे फार जपून. ‘पास अवे’ म्हणजे निधन होणे. आपण नाही का ‘मेले’ म्हणत नाही, ‘वारले’, ‘देवाघरी गेले’ म्हणतो, तसंच. अमेरिकेत तर आता नुसतं ‘शी पास्ड’ म्हटलं तरी ती गेली असाच अर्थ घेतात. ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर फोनवर अभिनंदन करून बसाल. ‘पास आउट’चं उलट. आपल्याकडे पोरं ऐटीत सांगतात, “मी अमुक साली कॉलेजमधून पास आउट झालो.” लष्करातल्या पासिंग आउट परेडवरून ते आपल्याकडे रूढ झालं असावं. पण इंग्लंडातल्या माणसाला नुसतं ‘आय पास्ड आउट’ म्हटलंत तर तो पाण्याचा ग्लास घेऊन धावेल, कारण त्याच्या लेखी तुम्हाला भोवळ आली. ‘पास ऑन’ म्हणजे निरोप पुढे पोचवणे. ‘पास अ रिमार्क’ म्हणजे शेरा मारणे, आणि हा कुठे मारला जातो ते बसस्टँडवर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा.

दवाखान्यातला पास तुम्हाला माहीतच आहे. पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन झालं की दुसऱ्या दिवशी सिस्टर खोलीभर लोकांसमोर खणखणीत आवाजात विचारते, “गॅस पास झाला का?” आपण लाजेने पदर तोंडाला लावतो. लाजू नका बाई, आतडी पुन्हा कामाला लागल्याची ती खूण आहे, खरं उत्तर द्या. खाणंपिणं कधी सुरू करायचं ते पुष्कळदा त्यावर ठरतं.

आणि ‘पासिंग’! हा तर इंग्रजांना सांगूनही पटायचा नाही. गाडी आर.टी.ओ.कडून तपासून, नोंदून घेणे म्हणजे पासिंग. “गाडी कुठल्या पासिंगची?” म्हटलं की एम.एच. ३४ म्हणजे चंद्रपूर, एम.एच. ३३ म्हणजे गडचिरोली. लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचून कोणाकडचे पाहुणे किती आले ते आमच्याकडच्या बायका बरोबर सांगतात.

हे झालं हसण्यावारी नेण्याजोगं. आता ज्या दोन पासांसाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते.

पहिला एस.टी.चा. तुमच्यापैकी ज्या तालुक्याच्या गावी राहतात त्यांनी पाहिलं असेल, सकाळी स्टँडवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली बसमधून उतरतात. त्यांच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला पास असतो. विद्यार्थ्यांना मासिक पासावर दोन-तृतीयांश सवलत आहे, आणि ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो पूर्ण मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या तर खास शाळकरी मुलींसाठी म्हणून सुरू झाल्या. अलीकडे पास शाळेतच आणून देण्याची मोहीमही एस.टी.ने काढली. हे सगळं चांगलं आहे आणि चांगल्याला चांगलं म्हणावं.

पण पास म्हणजे काय? ‘हिला जाऊ द्या’ असं लिहिलेला कागद. कागदाला चाकं नसतात. सकाळची फेरी रद्द झाली तर मुलगी शाळेत पोचत नाही, आणि संध्याकाळची रद्द झाली तर घरी पोचत नाही, यातलं दुसरं आईबापांना जास्त भिववतं. जंगलातल्या फाट्यावर उतरून दोन-तीन किलोमीटर पायी जायचं, वाघाचा वावर, हिवाळ्यात सहालाच अंधार. माझ्या वर्गात दहावीला पहिल्या पाचात असलेली एक मुलगी अकरावीला आलीच नाही. विचारलं तर आई म्हणाली, “पास आहे जी, फुकटचा आहे. गाडीचा भरवसा नाही.” तिला काय उत्तर देणार? पुढे त्या गावातल्या बायकांनी मिळून वेळापत्रकासाठी अर्ज दिला, ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं, आणि संध्याकाळची फेरी नियमित झाली. तोवर त्या मुलीचं एक वर्ष गेलं होतं. दुसऱ्या वर्षी मात्र ती आली.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईची मुलगी, शेतावरच्या माणसाची नात अशी बसने येत असेल तर जूनमध्ये एकदा विचारा, पास काढला का? शाळेचा दाखला किंवा बोनाफाईड, आधार कार्ड आणि फोटो एवढं तयार ठेवलं की काम अडत नाही. आपल्यालाही १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे, आणि त्याला पासबिस काही लागत नाही, बाई असणं पुरतं. माझ्या सासूबाई त्या दिवशी कंडक्टरला दोनदा म्हणाल्या, “नीट पाहून सांगा हं, अर्धंच ना?”

दुसरा पास जंगलाचा, आणि हा आमच्या दोन जिल्ह्यांचा खास.

‘ट्रेसपास’ हा शब्द तुम्ही पाट्यांवर वाचला असेल. पासच्या आधी पलीकडे, हद्दीबाहेर अशा अर्थाचा तुकडा जोडला आहे. जिथे पाऊल टाकायचं नाही तिथे टाकलं, तो गुन्हा. इंग्रजांच्या राजवटीत १८७१ साली ‘कॅटल ट्रेसपास ॲक्ट’ आला, म्हणजे आपला कोंडवाडा. गुरांनी दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकलं की गुरं कोंडायची. मग १९२७ चा भारतीय वन अधिनियम आला आणि राखीव जंगलात माणसाचं पाऊलही ट्रेसपासमध्ये जमा होऊ लागलं. ज्यांच्या आज्या-पणज्या त्याच जंगलात मोहफुलं वेचत, त्या बाया एका सकाळी कायद्याने परक्या ठरल्या. मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जायचं, तर वाघापेक्षा नाक्यावरच्या माणसाची भीती अधिक, असं म्हाताऱ्या बाया सांगतात.

त्याच कायद्यात जंगलातला माल हलवण्याची कलमे आहेत. लाकूड असो, बांबू असो, जंगलातून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो. त्याला इंग्रजीत ट्रान्झिट पास म्हणतात आणि आमच्याकडे ट्रकच्या ड्रायव्हरपासून बुरुडापर्यंत सगळे ‘टी.पी.’ म्हणतात. तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेलं सूप आहे ना, त्याचा बांबू कधीतरी अशाच कुठल्यातरी कागदाच्या आधाराने नाका ओलांडून आला असेल. बांबू खरा गवताच्या जातीचा, पण १९२७ च्या कायद्याने त्याला झाडांत धरलं होतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबूचे ट्रकच्या ट्रक जात. जंगलाशेजारच्या घराला मात्र चार बांबू हवे तर हात जोडावे लागत.

मग कायदा पास झाला. (इथे पुन्हा पास! विधेयक सभागृहाच्या दारातून पलीकडे गेलं, असं त्यातलं चित्र.) अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांचा हा कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेने मंजूर केला. त्यात बांबूला गौण वनोपजात धरलं आणि गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून गोंडांचं एक लहानसं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा हे तिथलं मोठं नाव, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षे गावासोबत राहून अभ्यास केला. (आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लावणारा हा माणूस, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

तरी गाडी अडलीच. बांबू गावाचा, हे कागदावर मान्य. पण बांबू जंगलाबाहेर नेऊन विकायचा तर टी.पी. लागणार, आणि टी.पी.चं पुस्तक वनखात्याच्या हातात. म्हणजे भाजी तुमच्या परसातली, पण फाटकाची किल्ली शेजाऱ्याकडे! गावाने भांडण सोडलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला त्यावेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि टी.पी.चं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबूचा पास स्वतः फाडून देणारं हे देशातलं पहिलं गाव.

जरा थांबून याकडे बघा. ज्यांचं पाऊल एके काळी ट्रेसपास ठरत होतं, तेच आता पास देणारे झाले. शब्दाच्या पुढचा एक तुकडा गळून पडायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

चंद्रपूर जिल्ह्यातही गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि बांबूचा कारभार गावाने हाती घेतला. पुढे २०१७ साली संसदेने १९२७ च्या कायद्यातून बांबूला झाडांच्या यादीतून काढलं, त्यामुळे जंगलाबाहेर शेतात-परसात लावलेला बांबू तोडायला-न्यायला त्या कायद्याचा जाच राहिला नाही. डिसेंबर २०२३ पासून तर संगणकावरून मिळणारा देशभराचा एकच वाहतूक पास सुरू झाला आहे.

मेंढ्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे ग्रामसभेत हात वर करून, बहुमताने ठराव पास करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात, आणि बायकाही त्या बोलण्यात असतात. वेळ लागतो खरा. पण घाईने पास केलेला ठराव किती टिकतो, ते आम्ही चंद्रपूरकरणींनी पाहिलं आहे. दारूबंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये शेकडो बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, गावोगाव ठराव पास झाले, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली, आणि २०२१ मध्ये ती उठवलीही गेली. बंदीचा उपयोग झाला की चोरटी दारू वाढली, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. आमचे हे एका बाजूला, मी दुसऱ्या. पण सकाळचा स्वयंपाक उरकून, मुलं सासूकडे सोपवून पायी निघालेल्या त्या बायांना तो निर्णय पुन्हा विचारून घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे.

जाता जाता दोन-तीन शब्द झटपट सांगते. ‘पासपोर्ट’ म्हणजे बंदरातून किंवा वेशीच्या दारातून पार जाण्याचा परवाना. ‘पॅसेंजर’ही याच वाटेवरचा. आणि ‘टाईमपास’! इंग्रजीत मन रमवण्याच्या गोष्टीला ‘पास्टाइम’ म्हणतात, तो ‘पास’ आणि ‘टाइम’ जोडूनच झालेला. आपण तो उलटा केला आणि गाडीत शेंगदाणे विकायला लावला. इंग्रजांचा पास्टाइम म्हणजे बागकाम, वाचन, आपला टाईमपास म्हणजे पाच-दहा रुपयांची पुडी. मला आपलाच बरा वाटतो, त्यात मीठ-तिखट असतं.

राहता राहिलं पासबुक. पूर्वी हे पुस्तक खातेदार आणि बँक यांच्यात सारखं येत-जात असे, नोंद करून इकडून तिकडे पास होत असे, म्हणून ते ‘पास-बुक’. २०२४ साली ‘लाडकी बहीण’चे पंधराशे रुपये जमा होऊ लागले तेव्हा बँकेत छपाईच्या यंत्रापुढे बायकांच्या रांगा लागल्या होत्या. पुष्कळजणी पहिल्यांदाच स्वतःचं पुस्तक स्वतः घेऊन आल्या होत्या. एकीने मला विचारलं, “यातलं ‘डेबिट’ म्हणजे आलेले की गेलेले?” डेबिट म्हणजे खात्यातून गेलेले, क्रेडिट म्हणजे आलेले, बॅलन्स म्हणजे शिल्लक. एवढे तीन शब्द आले की अख्खं पुस्तक वाचता येतं.

तेव्हा आज दुपारी कामं आवरली की कपाटातून घरातली सगळी पासबुकं काढा. पहिल्या पानावर कोणाचं नाव आहे ते पहा, एकट्याचं की दोघांचं. मग नॉमिनीची, म्हणजे नामनिर्देशनाची नोंद आहे का ते बघा. बऱ्याच घरांत नवऱ्याच्या लग्नाआधीच्या खात्याला अजून सासूबाई किंवा दिवंगत सासरे नॉमिनी असतात आणि कोणाच्या ध्यानातही नसतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यामुळे सासूबाईंचं नाव काढायचं की आपलं घालायचं असा प्रश्नही उरलेला नाही. बँकेत फॉर्म मागायचा, भरायचा, सही करायची आणि पोच घेऊन यायचं. पोच मात्र विसरू नका, ती पासबुकाच्याच प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवा.